बा जिलाली उडी शिकतो

मेकनेस शहराच्या वेशीबाहेर पुदिन्याचे मळे आहेत, आणि त्यातला सगळ्यात हिरवागार मळा बा जिलालीचा. पण त्याला कोणी पुदिनेवाला म्हटलं की तो भडकायचा. पुदिना पोटासाठी, तो म्हणायचा, मी घोडेस्वार आहे. आता ज्या माणसाने मिसरूड फुटल्यापासून मिशी पांढरी होईपर्यंत दर उन्हाळ्याला जत्रेत बंदुकीची रांग धावली, आणि त्यातली निम्मी वर्षं मुकादम म्हणून मधोमध राहून हाळी दिली, त्याच्याशी कोण वाद घालणार? बाजारातले लोक म्हणायचे, बरं बाबा, घोडेस्वार तर घोडेस्वार, दोन जुड्या दे.

रांग म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पंधरा-सोळा घोडे गुडघ्याला गुडघा लावून उभे राहतात. मुकादमाची हाळी आली की सगळे एकदम भरधाव सुटतात. मैदानाच्या टोकाशी स्वार रिकिबीत ताठ उभे राहतात, बंदुका वर जातात आणि बार होतो. सगळ्यांचा मिळून एकच बार. आणि बार झाला रे झाला की घोडा जागच्या जागी थांबला पाहिजे. समोर तंबूत पाहुणे चहा पीत बसलेले असतात, त्यांच्या पेल्यात धूळसुद्धा पडता कामा नये. एखादा बार मागे राहिला किंवा एखादा घोडा चार पावलं पुढे गेला, तर त्या रांगेला वर्षभर तोंड दाखवायची चोरी.

जिलालीचा मर्जान असा थांबायचा की बघणाऱ्याने बघत राहावं. तांबडा, रुंद छातीचा, मानी घोडा. धाकटा भाऊ कद्दूर, त्याच्या घोडीचं हे शिंगरू. जन्मला कद्दूरच्या दारात, वाढला जिलालीच्या तबेल्यात, म्हणून घोडा दोघा भावांच्या मालकीचा, अर्धा-अर्धा. शेजारीपाजारी विचारायचे, पुढचा अर्धा कोणाचा आणि मागचा कोणाचा? कद्दूर म्हणायचा, खातो तो अर्धा दादाचा. पुढे कद्दूर गेला आणि त्याचा वाटा त्याच्या मुलाकडे, अय्यादकडे आला. जिलाली आणि त्याची बायको तामू यांना मूलबाळ नाही. अय्याद त्यांच्याच अंगणात पडून, रडून, खाऊन मोठा झालेला. त्याला पहिल्यांदा रांगेत उभं केलं ते जिलालीने, स्वतःच्या उजव्या हाताला.

दोन उन्हाळ्यांमागे रांगेत शेजारचा घोडा आडवा आला, जिलाली खाली आला, आणि उजव्या खांद्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी जोडला खरा, पण हात खांद्याच्या वर जाईना. चहाची किटली उंच धरून ओतायची तीसुद्धा डाव्या हाताने, अर्धा चहा ताटात. मग बंदूक कुठली उचलणार? मुकादमकी अय्यादकडे गेली. जिलालीने त्याला खाली बसवून स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला फेटा बांधला, आणि घरी येऊन तबेल्यात मर्जानच्या मानेवर डोकं ठेवून खूप वेळ उभा राहिला.

मग त्या हिवाळ्यात अय्यादचा घोडा लंगडायला लागला.

अय्याद आला तो एकटा नाही, रांगेतल्या जुन्या मंडळींत सगळ्यात थोर हाजी बुअज्जा, त्याला घेऊन आला. तेव्हाच जिलालीने ओळखलं. तामूने चहा आणला, तव्यावरचे गरम पापुद्र्याचे मसेमन आणि मध आणला. हाजीने तीन मसेमन संपवले तरी कोणी विषयाला हात घालेना. शेवटी अय्याद म्हणाला, "काका, माझ्या घोड्याचं काही खरं नाही. उन्हाळ्याच्या जत्रेला मला मर्जान द्या."

"मर्जान कामात आहे."

"कसल्या कामात? विहिरीवर जातो आणि परत येतो. एवढं आपलं गाढवही करतं, आणि वर पाणीही आणतं."

जिलालीचे कान तापले. बाजाराच्या रस्त्यावर एक घोडेस्वारीचा क्लब आहे. तिथल्या कुंपणातून शहरातली पोरंटोरं रंगीत दांड्यांवरून घोडे उडवताना त्याला रोज दिसायची. ते आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, "तो उड्या शिकतोय. क्लबात."

हाजी बुअज्जाने मधाची बोटं चाटायची थांबवली. "उड्या? कोण, मर्जान की तू?"

"दोघंही."

"या वयात?"

"घोडा तरुण आहे, हाजी."

हाजी हसला नाही. त्याने दाढीवरून हात फिरवला आणि न्याय करून टाकला. शिकवलेला घोडा दाव्याला बांधून ठेवणं हे पाप. पण काम करणारा घोडा स्वाराच्या मांडीखालून ओढून घेणं हेही पाप. वसंतात त्या क्लबात उड्यांचा दिवस असतो, हाजीची नात जाते तिथे. त्या दिवशी रांगेतली सगळी मंडळी बघायला येतील. मर्जान जिलालीखाली काम करताना दिसला तर तो तिथेच राहील, नाही दिसला तर जत्रेआधी अय्यादच्या दारात जाईल.

"मान्य," जिलाली म्हणाला. अय्याद मान्य म्हणाला नाही. पेला तसाच ठेवून उठला आणि जाताना तामूच्या डोक्याचं चुंबन घेऊन गेला, काकाच्या नाही.

दार लागल्यावर तामू म्हणाली, "उड्या? अहो, तुम्हाला गच्चीवरून उतरताना मी हात देते."

"ती गच्ची आहे. हा घोडा आहे."

"गच्ची निदान जागची हलत नाही," तामू म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची विजार इस्त्री करून ठेवलेली होती.

क्लबातली शिकवणारी विदाद. औषधांच्या दुकानवाल्याची मुलगी, पंचविशीची, वीतभर उंचीची आणि हातभर आवाजाची. पोरं तिला बाई म्हणायची आणि टरकून असायची. जिलालीने पायघोळ जलाबा सावरला, घसा खाकरला आणि म्हणाला, "पोरी, तुमचे मालक कुठायत?"

"मीच आहे. या. डोक्यावरचं काढा आणि हे घाला." तिने त्याच्या हातात टोपी ठेवली, कडक, काळी, हनुवटीखाली पट्टा.

"फेट्यावरून बसेल ही."

"फेट्यावरून नाही बसत. फेटा काढा."

चारचौघांत फेटा काढायचा ही जिलालीच्या आयुष्यात पहिलीच वेळ. टोपी घालून तो बाहेर आला तेव्हा मर्जानने त्याला हुंगलं आणि कान मागे टाकले. मग खोगीर. जिलालीचं रांगेतलं खोगीर म्हणजे खुर्चीच, मागे उंच पाठ, पुढे उंच कणा, माणूस त्यात झोपला तरी पडायचा नाही. विदादने आणलं ते चपटं, हाताएवढं कातडं. "हे खोगीर आहे की पोळपाट?" जिलालीने विचारलं. पोरं खिदळली. विदादने तंग आवळला आणि म्हणाली, "चढा."

आणि काय सांगू, जन्मभर घोड्यावर बसलेला माणूस त्या मोकळ्या मैदानात एकटा घोडा सरळ चालवू शकेना. विदाद म्हणाली मधून चला, तर मर्जान सरकत सरकत डावीकडच्या कुंपणाला जाऊन चिकटला. पुन्हा मध्ये आणला, पुन्हा कुंपणाला. जिलालीचा गुडघा लाकडावर घासून निघाला.

"याला कुंपण इतकं का आवडतं?" विदादने विचारलं.

जिलालीला कारण कळलं होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. मर्जान शेजारी शोधत होता. दोन्ही बाजूंना दोन घोड्यांचे खांदे लागल्याशिवाय तो कधी धावलाच नव्हता. आणि जिलाली तरी कुठे धावला होता? त्याचेही गुडघे दोन्हीकडे कोणाला तरी चाचपत होते. शेवटी तो पुटपुटला, "आम्ही रांगेतली माणसं आहोत, पोरी. एकट्याने जायची सवय नाही."

विदादने हसण्यावारी नेलं नाही. तिने जमिनीवर दोन दांड्या समांतर टाकल्या, मध्ये बोळ केला, आणि म्हणाली, "हे तुमचे दोन शेजारी. यांच्यामधून चला. उद्या जरा लांब टाकू." असं रोज लांब टाकत टाकत तिने दांड्या उचलूनच घेतल्या, तेव्हा थंडी संपत आली होती आणि मर्जान मैदानाच्या मधोमध कान टवकारून एकटा दुडकी चालत होता. जिलाली त्या दिवशी घरी जाताना रस्त्याने गुणगुणत होता. एका गिऱ्हाइकाला त्याने जुडी फुकट दिली.

मग आली पहिली उडी. गुडघ्याएवढी सुद्धा नाही, शेळीने ओलांडावी अशी. विदादने समजावलं, "हलक्या धावेत या. दांडी जवळ आली की खोगिरातून अंग उचला, रिकिबीवर उभे राहा, पुढे झुका, बाकी घोडा बघून घेईल."

जिलाली आला. दांडी जवळ आली. तो रिकिबीत उभा राहिला, ताठ, छाती पुढे, जसा आयुष्यभर राहत आला तसा. मर्जान चारी पाय रोवून जागच्या जागी थांबला, काय सुरेख थांबला. आणि जिलाली त्याच्या मानेवरून, दांडीवरून, पलीकडच्या मातीत.

विदाद धावत आली. हातपाय शाबूत आहेत हे बघितल्यावर म्हणाली, "उडी झाली तुमची. आता घोड्याला पण शिकवू."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही तेच. फरक एवढाच, की आता जिलाली मानेला मिठी मारून वर राहायला शिकला. पोरांची तट्टं त्याच दांडीवरून टुणटुण जात होती. विदादने कपाळाला आठ्या घातल्या. घोडा घाबरत नव्हता, डोळे शांत, कान पुढे. उलट थांबल्यावर मान वळवून जिलालीकडे बघायचा, शाबासकी मागितल्यासारखा. हेच तिला खटकलं.

"बा जिलाली, दांडी सोडा. तुम्ही जत्रेत काय करता ते मला करून दाखवा. मी कधी जवळून बघितलं नाही."

"बंदुकीशिवाय?"

"बंदुकीशिवाय."

जिलालीला जोर चढला. तो मैदानाच्या टोकाला गेला, हाळी दिली, अशी की रस्त्यावरची माणसं थांबली, आणि मर्जान सुटला. दुसऱ्या टोकाशी जिलाली रिकिबीत उभा राहिला, चांगला डावा हात वर फेकला, आणि मर्जान थांबला. विदादच्या बुटांपासून हातभर अंतरावर. ती जागची हलली नाही, फक्त तिचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही उभे राहिलात की थांबायचं, असंच शिकवलंय ना त्याला? मी म्हणते उभे राहा आणि उडवा, तो म्हणतो उभे राहिले, म्हणजे बार झाला, थांबा. बिचारा किती शहाण्यासारखा वागतोय, आणि आपण दोघं त्याला रागावतोय."

जिलालीला हसू आलं, आणि ते ओठांवरच विरलं. "मग आता?"

"आता हे त्याच्या डोक्यातून काढायचं. तुम्ही उभे राहायचं आणि पाय लावून पुढे काढायचं. थांबू द्यायचं नाही. रोज."

ते थांबणं जिलालीने त्याला दोन हिवाळे खपून शिकवलं होतं, कद्दूरला बरोबर घेऊन. कद्दूर समोर टोपलीत जव घेऊन उभा राहायचा आणि जिलाली दुसऱ्या टोकाहून धावत यायचा. मर्जान जिथे थांबेल तिथे कद्दूर काठीने रेघ मारायचा आणि ओरडायचा, दादा, आज एक वीत कमी. ते आता पुसायचं. जिलाली घरी आला आणि पुढचे बरेच दिवस क्लबात गेलाच नाही. विचारलं तर म्हणे खांदा दुखतोय.

तामूने काही दिवस चालवून घेतलं. मग एके दुपारी पुदिना निवडता निवडता म्हणाली, "खांदा दुखतोय की दुसरं काही?"

त्याने सांगितलं. "कद्दूरच्या हातचं तेवढंच उरलंय गं माझ्याकडे. ते मीच खोडून काढू?"

तामूने पुदिन्याची काडी मोडली. "नाही खोडलं तर घोडा अय्यादकडे जाईल. थांबणं राहील, घोडा जाईल. तुम्हाला काय हवंय ते ठरवा. पण दिवसभर घरात असं तोंड घेऊन बसू नका, मला कामं आहेत."

जिलाली विचार करत बसला. आणि माणूस अडचणीत सापडला की स्वतःला जसं समजावतो तसं त्याने समजावलं. मर्जान हुशार आहे. दोन्ही शिकेल. मोठं खोगीर आणि बंदूक असली की थांबायचं, पोळपाट असला की उडायचं. काहीच पुसायला नको. हे पटल्यावर त्याला झोपही लागली आणि भूकही.

दुसऱ्या दिवशी तो क्लबात गेला तेव्हा पहिल्यांदाच म्हणाला, "बाई, चला, दाखवा."

विदादने ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. "टोपी," ती म्हणाली.

मग सुरू झालं ते शिकणं. दांडी नाहीच, सपाट मैदान. उभा राहा, पुढे काढ. बस. उभा राहा, पुढे काढ. सुरुवातीला मर्जान अडखळायचा, जिलालीकडे बघायचा, हे काय नवीन म्हणून. जिलालीने मानेवर थोपटावं आणि टाच लावावी. नंतर जमिनीवर दांडी, नंतर वीतभर वर. विदादचा आवाज मैदानभर घुमायचा: "ताठ नका राहू बा, तुम्ही काय सुलतानाला सलाम ठोकताय का? कमरेतून झुका. हात पुढे सोडा. दांडीकडे नका बघू, दांडी कुठे पळून जात नाही. पलीकडे बघा, पलीकडचं झाड बघा." जिलाली म्हणायचा, "बाई, त्या झाडाला आता मी तोंडपाठ झालोय."

त्याचं सगळ्यात मोठं दुखणं होतं ते दांडीनंतर. उडी झाली की तो ढिला पडायचा. लगाम सैल, मान इकडेतिकडे, कोणी बघितलं का म्हणून. रांगेत बार झाला की सगळं संपतं ना, पुढे काही नसतंच, नुसती वाहवा. विदाद कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बा, काय संपलं? पुढची दांडी कोण घेणार, मी?" तेव्हा कुठे त्याला भान यायचं. पण हळूहळू तेही सुटलं. ज्या दिवशी लागोपाठ तीन दांड्या मर्जानने ठेक्यात घेतल्या आणि तिसरीनंतरही पुढची शोधायला मान वर केली, त्या दिवशी विदाद टाळ्या पिटत पोरासारखी ओरडली, आणि जिलालीच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हामुळे, असं त्याने टोपी काढत सगळ्यांना सांगितलं.

शेवटी वसंतातला तो दिवस उगवला. मैदानाभोवती आईबाप, पोरं, चहाची गाडी. आणि कुंपणाच्या एका बाजूला ओळीने बसलेली रांगेतली मंडळी, पांढरे जलाबे, पिवळे जोडे, मध्ये हाजी बुअज्जा. तामू नवा रुमाल बांधून आली होती आणि कोणाशी बोलत नव्हती. अय्याद छोट्या ट्रकमधून आला. ट्रकमध्ये मागे त्याचं रांगेतलं खोगीर होतं आणि कापडात गुंडाळलेली बंदूक. जिलालीने ते पाहिलं आणि मनात म्हणाला, हा तर घोडा न्यायलाच आलाय.

नाव पुकारलं गेलं. सगळ्यात बारक्या पोरांच्या गटात, त्याच ठेंगण्या दांड्या, पण ओळीने आठ-दहा. पहिली दांडी मर्जानच्या मागच्या पायाने पाडली. दुसरी नीट गेली. तिसरीशी जिलाली मंडळींसमोरून जात होता, आणि पांढरे जलाबे दिसल्याबरोबर जुनं अंगात आलं. तो ताठ उभा राहिला. मर्जान थांबला. कुंपणावर कोणीतरी खोकलं. जिलालीने दात आवळले, वळवून आणला, कमरेतून झुकला, पलीकडचं झाड बघितलं, आणि मर्जान गेला. मग चौथी, मग पाचवी, मग वळण, मग सगळ्या. शेवटची झाली तरी मर्जान मान वर करून पुढची शोधत होता. गटात नंबर शेवटून पहिला. तामूने ओठांवर हात नेऊन आनंदाचा असा लांबलचक उलुलुलु सूर काढला की बाकीच्या बायकांनी तिला साथ दिली.

हाजी बुअज्जाने दाढी कुरवाळली. "पडत-झडत का होईना, काम केलं घोड्याने. मी बघितलं."

"हे काम?" अय्याद उठला. चेहरा लाल. "हाजी, ज्या घोड्यासाठी दुसऱ्या गावची माणसं जत्रेत वाट बघायची, तो इथे दुधाचे दात न पडलेल्या पोरांत शेवटचा आला. माझ्या बापाने याला काय शिकवलं होतं आठवतं का कोणाला? एकदा बसू द्या मला. एकदा बघा त्याचं थांबणं, मग बोला."

विदाद जिलालीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बा, नको. तो अजून दोन्ही गोष्टी वेगळ्या करत नाही."

पण तिने हे म्हणायला नको होतं. त्या थांबण्याबद्दल शंका घेतली की जिलालीचं डोकं फिरायचं. "बाई, हे तुम्हाला नाही कळणार," तो म्हणाला, आणि लगाम अय्यादच्या हातात दिला. "बस. बघू दे सगळ्यांना."

मोठं खोगीर चढलं. अय्यादने रिकामी बंदूक घेतली. क्लबाच्या मागे उघडं पठार आहे, टोकाला फड्या निवडुंगाचं कमरेएवढं कुंपण, तिकडे सगळे गेले. अय्यादने हाळी दिली. हुबेहूब कद्दूरचा आवाज. जिलालीच्या अंगावर काटा आला.

मर्जान सुटला, तांबडा, चौखूर, माती उधळत. आणि जिलाली उभ्या जागी मुठी आवळून पुटपुटायला लागला, थांब रे, थांब माझ्या राजा, चांगला थांब. थांबला तर हातचा जाणार हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. तरी तो मनापासून, पोटातून तेच मागत होता. टोकाशी अय्याद रिकिबीत उभा राहिला, बंदूक वर गेली.

मर्जानने कान पुढे केले, पलीकडे बघितलं, आणि निवडुंगावरून उडाला.

उडीला तोड नव्हती. मागचे पाय तेवढे फडांना घासून गेले. अय्याद मोठ्या खोगिरामुळे वर राहिला, बंदूक मात्र निवडुंगात. पलीकडे मर्जान डौलात वळला, आणि पुढची दांडी कुठे दिसेना म्हणून कुंपणाला वळसा घालून आपणहून दुडकत परत आला. मंडळींपैकी कोणी हसलं नाही. विदाद आभाळाकडे बघत उभी होती.

अय्याद उतरला. पोटरीत काटे, डोळ्यांत पाणी. "काका, हा आता रांगेत चालायचा नाही. उभं राहिल्यावर जो थांबत नाही तो तंबूत माणसं मारेल." मग लगाम पुढे करत म्हणाला, "ठेवा तुम्ही. माझा वाटा मी सोडला. हाजी, तुम्ही साक्षी."

सबंध हिवाळाभर जिलालीने ज्या शब्दांची वाट बघितली होती ते हे. पण त्याला वाटलं आपलं काहीतरी हरवलं, आत्ता, इथे, सगळ्यांदेखत. कद्दूरचं थांबणं गेलं, ते त्याने स्वतःच्या टाचांनी घालवलं होतं. आणि आता कद्दूरचा मुलगाही निघाला होता.

"नको सोडूस," जिलाली म्हणाला.

"मला काय करायचाय काका? मला रांगेला घोडा हवाय."

"घोडा शोधू आपण. मी येतो बरोबर, त्याला थांबायला मी शिकवतो, हात वर जात नसला तरी आवाज जातो माझा. पण याचा वाटा सोडू नकोस." जिलालीने त्याची बाही धरली. "वाटा सोडलास तर तू माझ्या दारात कशाला येशील रे?"

अय्याद पुढे झाला, काकाच्या डोक्यावरची ती काळी टोपी पट्टा सोडून काढली आणि त्याच्या घामेजल्या टकलाचं चुंबन घेतलं. हाजी बुअज्जा म्हणाला, चला, चहा घेऊ, आणि सगळ्यांना गाडीकडे घेऊन गेला.

ते दोघे मात्र तिथेच राहिले. अय्यादने मर्जानचं तोंड धरलं, आणि जिलाली खाली बसून डाव्या हाताने त्याच्या मागच्या पायातले काटे एकेक करून काढत राहिला.